बूट काढून लिहिलेली पत्रं

आमचे जनरलसाहेब हुकूम लिहायचे बूट घालून आणि घरचं पत्र लिहायचे बूट काढून. बाहेर तोफा चाललेल्या, बादलीतलं पाणी गोठलेलं, आणि एवढ्या हुद्द्याचा माणूस तंबूत अनवाणी. मी त्यांचा ऑर्डर्ली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा घाबरून मोजे पुढे केले. म्हणाले, "लालबाग, तुझ्या घरात बूट घालून शिरतात का रे?"

लालबाग म्हणजे मी, तिथं राहणारा म्हणून. ते दादरचे. मी चौथी शिकलेला, पण त्यांनी मला कधी कमी लेखलं नाही, आणि मी लेखू दिलंही नसतं.

बसून लिहिणं त्यांना जमायचंच नाही. चालायचे, टेबलाशी वाकून एक ओळ खरडायचे, परत चालायचे. वर मोठ्यानं पुटपुटायचे, त्यामुळे दादरच्या घरातलं सगळं मला ठाऊक. गॅलरीतला नळ गळतोय, प्लंबरला पुन्हा बोलाव. सोडे धाडू नकोस, वासानं सगळे अधिकारी माझ्या तंबूत जमतात. लढाईचा शब्द नाही. मी विचारलं तर म्हणाले, "घरी जाऊन कामाचं बोललं, तर बायको वाढेल का जेवायला?"

त्यांचा मुलगाही फौजेत, दुसऱ्या आघाडीवर. एका सकाळी तो गेल्याची खबर आली. साहेबांनी ऐकली आणि नकाशावर वाकले. संध्याकाळी मी कागद, कंदील ठेवला. बूट निघाले नाहीत. ते नुसते फिरत राहिले, टाचांचा आवाज थांबेना. मलाही एका जागी उभं राहवेना.

"साहेब, पत्र."

"आज नाही. काय तोंड घेऊन घरी जाऊ?"

"तार पोचली की बाईसाहेब दाराकडे बघतील. तुम्ही नको तिथं?"

"चूप बस!"

मी हट्टी. खाली बसलो आणि नाड्या सोडायला लागलो. त्यांनी पाय झटकला. मी दुसरा धरला. मग पहिला त्यांनीच काढला. त्या दिवशी ते खुर्चीवर बसून लिहीत होते. पुटपुटले नाहीत.

आता साहेब नाहीत, बाईसाहेबही नाहीत. रिटायर होताना ते बूट त्यांनी मला दिले. मी अजून पॉलिश करतो, सून हसते. मध्यंतरी साहेबांची नात घरी आली. दादरच्या एका हॉलमध्ये पत्रांचं प्रदर्शन भरवत होती.

"आजोबा, ते बूट द्याल? पत्रांच्या शेजारी काचेत ठेवते."

"नाही."

पोरीचा चेहरा उतरला. ती गेल्यावर मला चैन पडेना. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून खोलीत. सून म्हणाली, "बाबा, बसा की जरा!"

उद्घाटनाला बूट पिशवीत घालून निघालो. हॉलच्या दाराबाहेर जोडीनं ठेवले. नात धावत आली.

"आत ठेवूया ना, आजोबा?"

"पत्रं आत आहेत, पोरी. मग बूट बाहेरच."

तिला सगळं सांगितलं. तिनं वाकून सँडल काढल्या आणि साहेबांच्या बुटांशेजारी लावल्या. ते बघून मागचा माणूस थबकला, त्यानंही चपला काढल्या. मग येईल तो काढायला लागला.

मीही अनवाणी आत गेलो. ते पत्र मधल्या काचेखाली होतं, वरची तारीख ओळखली. मला वाचता येतं, सावकाश येतं. पण ते एकच पत्र साहेबांनी मला ऐकू दिलं नव्हतं. मी पुढच्या काचेकडे सरकलो, नळाचं वाचलं.