हिमेजीचा वरचा मजला

पुण्याहून फोन आला तेव्हा मी जर्मनीत, मुलाच्या लुडविग्सहाफेनच्या घरात पालक निवडत बसलो होतो. सूनबाईनं फोन ऐकला, खाली बसली आणि म्हणाली, "बाबा गेले." तिचे बाबा म्हणजे माझे व्याही, भाऊसाहेब. पुण्याच्या कॉलेजात जन्मभर इमारती कशा बांधतात ते शिकवलं. मी चौथी शिकलेला गवंडी, नुसत्या बांधल्या. दर उन्हाळ्यात ते आमच्याकडे राहायला येत. हा माणूस मनातून मला काय समजतो, ते मात्र मला कधी कळलं नाही...

माझा मुलगा कंपनीतर्फे वर्षभर जपानला होता, तेव्हा आम्ही दोघे व्याही तिकडे गेलो. ओसाकाहून हिरोशिमाला जाताना वाटेत हिमेजीला उतरलो. पुढची गाडी दोन तासांनी. मुलगा-सून सामानापाशी थांबली, आम्ही किल्ल्यावर. भाऊसाहेबांना तिथला सर्वांत वरचा मजला बघायचा होता. फळ्यावर त्याचं चित्र त्यांनी कितीदा काढलेलं, पाहिला कधीच नव्हता.

मी पायथ्याच्या भिंतीपाशीच अडकलो. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. खाली पसरट, वर जाताना उभी होत गेलेली भिंत.

"ही सुटत कशी नाही?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा. मला पुस्तकातलं येतं."

मी सांगितलं, दिसतं ते दगडाचं तोंड, लांब शेपूट आत असणार, फटींत बारक्या दगडांच्या चिपा ठोकल्यात. ते वही काढून लिहून घेऊ लागले. मला वाटलं, थट्टा करतायत. अर्धा तास तिथंच गेला.

आत जोडे काढून पिशवीत घालायचे आणि पिशवी हातात धरायची. लाकडी जिने शिडीसारखे उभे. तिसऱ्या मजल्यावर माझे गुडघे बोलायला लागले. एका हातानं जमेना.

"आणा ती पिशवी इकडे," भाऊसाहेब म्हणाले.

"लग्नात माझ्या मुलाचे पाय धुतलेत, तेवढं पुरे. मुलीच्या बापानं माझे जोडे वाहायचे नाहीत."

"अहो, इथं आपल्याला ओळखतंय कोण?"

"मी ओळखतो."

मागे रांग खोळंबली. म्हटलं, तुम्ही जा वर. तर म्हणाले, "दोघं आलोय, दोघं जाऊ. नाहीतर राहू दे." आणि माझ्याबरोबर खाली उतरले. गुडघे दुखतायत, एवढं बोललो असतो तरी चाललं असतं...

गाडीत मुलानं विचारलं, वरून काय दिसलं? भाऊसाहेब म्हणाले, "सगळं गाव." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पुण्याहून परतल्यावर सूनबाई आमच्याकडची त्यांची उन्हाळ्याची खोली आवरत होती. म्हणाली, "अण्णा, बाबांना तो किल्ला तरी वरपर्यंत बघायला मिळाला, नाही?"

मी सांगितलं, नाही मिळाला. माझ्यामुळे. जोड्यांचं, गुडघ्यांचं, सगळं सांगितलं. ती हातात चादर धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "बसा, अण्णा."

खोलीत एकच खुर्ची, खिडकीपाशी. इतक्या उन्हाळ्यांत तिच्यात मी कधी बसलो नव्हतो. बसलो. तिथून ट्रामचा रस्ता दिसतो, समोरच्या घरांची छपरं दिसतात. तासन्‌तास ते इथून काय बघत असतील, ते रोज थोडा वेळ बसून शोधतोय.