धसकटांना पाणी

लिओना डेशांत सव्वीस वर्षं राज्य सरकारसाठी विहिरींची पातळी मोजत होती. जानेवारी लागला की ती पिकअप काढायची, पोलादी टेपला निळा खडू फासायची आणि टेप बोअरमध्ये सोडायची. खडू जिथवर भिजला तिथं पाणी. जानेवारीत पश्चिम कॅन्ससमधले सगळे पंप गप्प असतात, जमिनीखालचं पाणी स्थिरावलेलं असतं. म्हणून मोजणी तेव्हाच.

आणि यंदा तिच्या सख्ख्या थोरल्या भावाच्या, व्हर्लिनच्या शेतात पंप धडधडत होता. गव्हाच्या वाळक्या धसकटांवर फवारे फिरत होते, पडेल तिथं पाण्याचं बर्फ होत होतं.

"कुणाला पाजतोयस रे? उंदरांना?"

"ही बोअर चार वर्षं बंद होती. पाचवंही तसंच गेलं तर पाण्याचा हक्क बुडेल. बापानं मरताना बजावलंय."

"बाप जाऊन वीस वर्षं झाली! पाणी राखायच्या सरकारी योजनेत नाव नोंदव, मग बोअर बंद ठेवली तरी हक्काला कुणी हात लावत नाही. अर्ज मीच आणून दिला होता ना?"

"त्यानं शेगडी छान पेटली." व्हर्लिन हसला. "तिकडं राजधानीत, टोपेकात बसलेले साहेब आज देतील, उद्या काढून घेतील. पंपाचा मीटर तेवढा पुरावा."

लिओनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाच्या वेळी ऐंशी फुटांवर लागणारं पाणी गेल्या साली दोनशे चौदावर गेलं होतं. पलीकडेच तिचं घर, त्याच पाण्यावर.

"माझ्या नळाला वाळू येतेय, व्हर्लिन. बंद कर."

"मग खोल खण की. मी नाही खणली?"

"आणि तुझ्या नातवानं कुठवर खणायचं? खाली खडक आहे, दगडा!"

"अगं, त्याचा हक्क राहावा म्हणूनच तर ओततोय!"

ती पिकअपमध्ये जाऊन बसली. नोंदवहीत सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच आकड्याच्या जागी तिनं लिहिलं: पंप चालू, मोजता आलं नाही. मग पाण्याच्या नासाडीचा तक्रार अर्ज काढला. तक्रारदाराचं नाव घालायची सक्ती नव्हती.

व्हर्लिन काचेशी आला. "रविवारी आईकडं जेवायला एकाच टेबलावर बसायचंय आपल्याला, लिओना."

"बसू की," ती म्हणाली आणि तिनं अर्जावर आपलं नाव घातलं, इतकं दाबून की अक्षरं मागच्या बाजूला उमटली.