अर्लीनआजीची उजवी पापणी

आमच्या गावात अशी बातमी होती की अर्लीनआजी पत्त्यांच्या टेबलावर डोळा मारते. हुकमाचा गुलाम, म्हणजे या खेळातला सगळ्यात वरचा पत्ता, हातात आला की तिचा उजवा डोळा मिटतो आणि समोर बसलेला तिचा भिडू मर्विन काय ते समजतो. म्हणूनच म्हणे ही जोडी हिवाळा संपल्यापासून हरायला तयार नव्हती.

तर तसं काही नाही. डोळा मारायला पापणी आधी वर असावी लागते. आजीची उजवी पापणी फेब्रुवारीपासून अर्ध्यावर उतरलेली आहे. गुलाम आला तरी ती तिथेच आणि तळाची नव्वी आली तरी तिथेच.

अर्लीनआजी म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. तिला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब थेंबांना जुमानेना, तेव्हा शहरातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. गाडी चालवणं तिने आधीच सोडलं होतं. ती डॉक्टरांना म्हणाली, "रस्ता नाही दिसला तरी चालेल, पण चौकट आणि बदाम वेगळे दिसले पाहिजेत." कारण दर शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात युकर या पत्त्यांच्या खेळाचे डाव रंगतात, सोबत अंड्याची सँडविचेस आणि बटर टार्ट. ते गेलं असतं तर आजीच्या आठवड्यात टीव्हीवरचं हवामान तेवढं उरलं असतं.

ऑपरेशन झालं. दाब उतरला, पाठोपाठ पापणीही. डॉक्टर एकेक शब्द तबकात ठेवल्यासारखे बोलतात. ते म्हणाले, "ऑपरेशनमध्ये पापण्या चिमट्याने उघड्या ठेवाव्या लागतात. त्यात पापणी उचलणारा स्नायू कधीकधी ताणला जातो. बऱ्याचदा काही महिन्यांत सावरतो. नाहीच सावरला तर एक छोटं ऑपरेशन. तोवर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून वर ओढायचं नाही."

"दिसतंय ना? मग पडदा अर्धा असला तर असू दे," आजी म्हणाली.

पण ग्लेन हॅकनीला तो पडदा खुपला. युकरचा सगळा कारभार तो बघतो आणि वाक्यागणिक नाकातून 'ह्हं' काढतो. एका शुक्रवारी मीही आजीसोबत गेले होते. तिने आणि मर्विनने त्याला हरवलं, तसा तो उठून उभा राहिला.

"ह्हं. आपल्याकडे खाणाखुणा चालत नाहीत. तोंडाने नाही आणि, ह्हं, डोळ्यांनीही नाही."

"माझं ऑपरेशन झालंय, ग्लेन. तूच घरी जेवण पाठवलं होतंस."

"बायकोने पाठवलं."

"तरीच मीठ बरोबर होतं."

सगळे हसले. ग्लेन हसला नाही. "पापणी कधी जास्त खाली असते, कधी कमी. मी बघितलंय. त्या खुणा आहेत असं ठरलं, तर, ह्हं, तुम्हा दोघांना इथे परत खेळता येणार नाही."

आता पापणी दमली की आणखी उतरते, हे खरंच होतं. ते कोणाला आणि कसं पटवायचं? आजीने पत्ते पालथे ठेवले आणि त्यांवर तळहात दाबून धरला. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मर्विनला विचार," ती म्हणाली.

मर्विन दुधाचा टँकर चालवायचा. बोलणं त्याने टँकरच्या आवाजाकडे सोपवलेलं होतं, ते निवृत्तीनंतरही परत घेतलं नाही. ऑपरेशनला आजीला त्यानेच नेलं, त्यानेच आणलं, पुढच्या तपासण्यांनाही तोच. ग्लेनने त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

"तुझ्या भिडूची, ह्हं, कुठली पापणी उतरलीय?"

मर्विनने भिंतीवरच्या कोटांच्या खुंट्या एकेक करून मोजल्या.

"डावी."

असा हशा पिकला की कॉफीवालीने किटली खाली ठेवली.

"डावी कशी?" ग्लेन 'ह्हं' विसरला.

"गाडीत स्टिअरिंग डावीकडे, ती उजवीकडे. माझ्याकडे तिची डावी बाजू असते. म्हटलं, तीच असेल."

"मग ती उतरलेली दिसली का तुला?"

"माझं लक्ष रस्त्यावर असतं."

"आणि इथे?"

"पत्त्यांवर."

अशा माणसाला खूण करायची तर घंटाच वाजवावी लागेल. ग्लेन गुपचूप बसला आणि पत्ते पिसू लागला.

आजी सुटली, पण चिडली ती वेगळ्याच गोष्टीवर. मर्विनच्या गाडीत बसायला तिने साफ नकार दिला. ती आणि मी चालत निघालो.

"इतकी वर्षं समोर बसतोय मेला. दर शुक्रवारी ओठांना रंग लावून जाते मी. पत्त्यांना दाखवायला?"

"पुढच्या शुक्रवारी तू त्याच्यासमोर बसणार नाहीस," मी म्हटलं.

"बसेन की."

"पैज?"

"पैज. हरलीस तर माझी पापणी वर येईपर्यंत तू सगळ्यांना करून दाखवतेस ती माझी नक्कल बंद."

माझी बाजू मला भक्कम वाटली. तिचा राग मी तिच्या घरी आठवडाभर ऐकत होते आणि त्याची बिनचूक नक्कल काढूनही दाखवत होते.

शुक्रवारी मर्विन तळघरात आला. बसायच्या आधी त्याने चष्मा कपाळावर सरकवला, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि वाकून आजीचा चेहरा नीट बघितला. अगदी टँकरची चाकं तपासावीत तसा.

"उजवी," तो म्हणाला.

"वाट पत्ते," आजी म्हणाली आणि त्याच्यासमोर बसली.

पैज मी हरले, म्हणून हे लिहितेय. तोंडाने तिची नक्कल काढायला मला मनाई आहे. रोज सकाळी तिच्या घरी जाऊन मी पापणी बघते. परवा जराशी वर आल्यासारखी वाटली. आजी म्हणाली, "तुझी घाई दिसतेय गं, पापणी नाही."