मास्तर सासूबाईंनी निवडला

वेबसाइट करायला शिकायचं ठरवलं आणि पहिले तीन आठवडे, नेमकं कुठून शिकायचं, हेच मी ठरवत बसले. मोफत कोर्स, जाडजूड पीडीएफ, व्हिडिओंच्या याद्या, सगळं लॅपटॉपमध्ये जमा केलं. वहीत रकाने आखून प्रत्येकाला मार्कही दिले. शिकले मात्र एक अक्षर नाही. एका मास्तरांनी पहिला अख्खा धडा स्वतःच्या यशाची गोष्ट सांगण्यात घालवला. दुसऱ्यांचं इंग्रजी इतकं भरधाव, की ते ऐकूनच मला दम लागायचा.

सासूबाई शेजारी शेंगा फोडत बसायच्या. त्या कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीच्या, त्यामुळे कानडी मराठीइतकीच सफाईदार. एका रविवारी दुपारी चुकून एका कानडी मास्तरांचा व्हिडिओ लागला. मी बंद करणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. किती निवांत बोलतोय बघ."

"आई, मला कुठं कानडी कळतं?"

"मला कळतंय की. मी सांगते, तू लिव."

शिकवणी सुरू झाली. "आदी डोकं उघड म्हणतोय. त्यात नाव घाल. आता डोकं बंद कर. मग अंग उघड."

मी दचकून पडद्याकडे पाहिलं. हेड आणि बॉडी, वेबपानाचे दोन भाग! तीन आठवड्यांत पहिल्यांदाच काहीतरी डोक्यात शिरलं.

पान केलं ते त्यांच्या शेंगाचटणीचं. वर मथळा, खाली कृती. उघडून बघते तर मथळ्यासकट सगळी कृती ढब्बू अक्षरांत. 'चवीपुरतं मीठ' एकटंच अर्धा पडदा अडवून बसलेलं!

मी घाईघाईनं वही चाळायला लागले. सासूबाईंनी व्हिडिओ मागे न्यायला लावला, कान देऊन ऐकला आणि म्हणाल्या, "मथळा उघडलास, झाकलास कुटं? मास्तर मगापासनं बोंबलतोय. लक्ष कुटं असतं तुजं?"

खरंच की. मी बंद करायची खूण टाकली, तशी कृतीची अक्षरं निमूट लहान झाली. मी टाळ्या पिटल्या. सासूबाईंनी पडद्याला नाक लावलं, डोळे बारीक केले.

"आता मला काय बी दिसंना," त्या म्हणाल्या. "मगाचंच बरं हुतं. ऱ्हाऊ दे उघडं."

ठेवलं उघडं. त्यांनी हौसेनं त्या पानाचा फोटो मैंदर्गीला भावाकडं पाठवला. लगेच भावाचा फोन आला.

"अक्का, एवढ्या मोठ्या अक्षरांत वरडतीस कशाला? मला ऐकू येतंय की!"