भामरागडची लांबलेली प्रार्थना

आज गॅसवर भात करपला आणि त्या वासानं मी वीसेक वर्षं मागे, भामरागडला, आमच्या ख्रिस्ती तरुण संघाच्या शिबिरात पोचले. चारचौघांत तोंड न उघडणारी मी, आणि जेवणाआधीची प्रार्थना नेमकी माझ्यावर आली. काही राहिलं तर देवासमोर चूक होईल, या भीतीनं मी नद्या, रस्ते, बैल, सगळ्यांसाठी आशीर्वाद मागत सुटले. थांबावं कुठं तेच सुचेना.

स्वयंपाक सांभाळणाऱ्या मार्थाबाई अखेर ओरडल्या, "आमेन म्हण ना वं पोरी, भात करपून राह्यला!"

सगळे हसले. मीही हसतच आमेन म्हटलं. देवासमोर चुकण्याची माझी भीती गेली ती तेव्हाच, हे आता कळतं.

काळा भात वाढताना मार्थाबाई म्हणाल्या, "संध्याकाळी बी तूच कर. चूल मी उशिरा पेटवीन."