भामरे यांचा उघडा सर्व्हर

सर्व्हर आणि मेजावरचा साधा संगणक यांत नेमका फरक कोणता? पडदा दोघांनाही असतो, कळफलकही असतो. नव्वदच्या दशकात सिल्वासाच्या आमच्या शाळेत संगणक आले आणि ते शिकवण्याचे काम गणिताचा शिक्षक म्हणून माझ्याकडे आले, तेव्हा हा प्रश्न मी प्रथम स्वतःलाच घातला. पुस्तकातले उत्तर पाठ झाले. समजले ते प्रभाकर भामरे यांच्याकडे.

भामरे मूळचे धुळ्याकडचे. सिल्वासाजवळच्या मसाटच्या एका कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात ते संगणक विभाग सांभाळत आणि शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे शिकायला जाई. संध्याकाळी कार्यालयातील प्रत्येक जण आपला संगणक बंद करून त्यावर प्लास्टिकचे आवरण चढवी. भामरे मात्र काचेच्या खोलीत सर्व्हरच्या मागे जात आणि बाहेर पडणाऱ्या हवेवर तळहात धरून थोडा वेळ उभे राहत. सर्व्हर बंद होत नसे आणि त्याला आवरणही नव्हते.

"याच्यासमोर कोणी बसत नाही, गुरुजी," ते सांगत. "बाकीचे आपापल्या जागी बसून याच्याकडे माहिती मागू ऱ्हायले." त्यात एकच मजकूर दोन तबकड्यांवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, एकाच वेळी लिहिला जाई. "एक गेली तर दुसरी हाय. तुमच्या शाळेतली गेली, तर पोरांना सुट्टी."

भामरे यांची नेमणूक तात्पुरती होती. त्यांना कायम करण्याची शिफारस व्यवस्थापक देसाई यांनी करायची होती, आणि ती त्या वर्षी दिवाळीपूर्वी व्हायची होती. धुळ्याहून कुटुंब आणण्याचे भामरे यांनी त्यावरच ठरवले होते.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होई व ती आटोपली की काम सुरू होई. पूजेला मालकांच्या मातोश्री येत. त्यांना सगळे बा म्हणत. इतके महाग यंत्र उघडे ठेवलेले त्यांना आवडले नव्हते. त्या वर्षी देसाई यांच्या सूचनेवरून त्यांनी स्वतः मखमलीचे, जरीच्या काठाचे आवरण शिवून आणले.

"भामरे, चढा दो," देसाई दारातच हळू आवाजात म्हणाले. "बा गेल्या की काढा."

"साहेब, तसं करणं म्हणजे बांना फसवणं झालं."

"तुमची फाइल माझ्या टेबलावर आहे."

"ठाऊक हाय, साहेब."

बा आत आल्या. "आटलुं मोंघुं मशीन ने उघाडुं? लोक शुं कहेशे?" त्यांनी आवरण पुढे केले. भामरे यांनी ते दोन्ही हातांनी घेतले, पण घातले नाही.

"बा, आधी याच्या मागं हात धरून बघा."

बांनी हात धरला आणि मागे घेतला. "आने तो ताव छे."

"ताप नाही, बा. काम करू ऱ्हायला. हिशेबवाले, गोदामवाले, गेटवाले, समद्यांचं एकट्यानं. कपडा घातला तर आतली हवा कोंडंल. हा बसला की समदे बसतील."

"रात्रे तो बंध करो ने?"

"रातीही नाही. दिवसभराचं समदं तवाच टेपवर उतरवतो."

बांनी मान हलवली. मग देसाई यांच्या मेजावरच्या संगणकाला हात लावून पाहिला. तो गार होता. "देसाई, आने पहेरावो," आवरण त्या संगणकाकडे नेत त्या म्हणाल्या. तेव्हापासून देसाई रोज सकाळी आपल्या संगणकावरची मखमल काढून घडी घालत आणि संध्याकाळी पुन्हा चढवत.

शिफारस झाली नाही. फाइलवर 'स्वभाव हेकट' असा शेरा होता. कुटुंब धुळ्यालाच राहिले आणि मुदत संपल्यावर भामरे तिकडे परतले.

शेवटच्या संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी आपला मेजावरचा संगणक बंद केला व सभोवार पाहिले. हिशेबनीस बेरीज करीत होते, गोदामाचा कारकून चहा पीत होता.

"बघा गुरुजी," ते म्हणाले, "माझं मशीन बंद झालं. कोणी मान वर केली का? त्या खोलीतलं बंद केलं असतं, तर समदे उठून आले असते. फरक एवढाच हाय. लिहून घ्या."

मी लिहून घेतले आणि पुढे तसेच शिकवले. वाचकांनी मात्र केवळ माझ्या शब्दावर विसंबू नये. आपल्या कार्यालयातील आपलाच संगणक एकदा बंद करून कोण उठून येते, ते पाहावे. सर्व्हरवर हा प्रयोग करू नये. तो कोण सांभाळतो, एवढे विचारून यावे.