मेनूकार्डाची शेवटची ओळ

"इंग्रजीत लिहिलं की कुणी भांडत नाही," शेठ मॅनेजरला सांगत होते. मी शेजारीच टाइप करत होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कल्याणच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मी कॅशियर होते. पहिलीच नोकरी, दिवाळीनंतर पर्मनंट करतो, असं शेठ म्हणाले होते. इंग्लिश मीडियमची म्हणून मेनूकार्ड टाइप करायचं काम माझ्याकडे. मराठी बोलताना अडखळायचे, म्हणून गप्प असायचे. तेही शेठना पसंत होतं.

या वेळी कार्डाच्या तळाशी नवी ओळ होती : सर्व्हिस चार्ज दहा टक्के. टिप म्हणजे गिऱ्हाईक खूश होऊन बडीशेपेच्या प्लेटमध्ये ठेवतं ती. ठेवली तर ठेवली. सर्व्हिस चार्ज बिलातच धरलेला असतो. तो वेटरना मिळणार का, असं मी शेठना विचारलं.

"फुटलेल्या कपबशांचे पैसे कोण भरणार?" ते म्हणाले.

कुणी विचारलंच, तर सरकारी टॅक्स आहे म्हणून सांगायचं, असं सगळ्यांना बजावलं होतं.

महिनाभर कुणी विचारलं नाही. बडीशेपेच्या प्लेटी मात्र रिकाम्या परत येऊ लागल्या. आमचे सर्वांत जुने वेटर सदाशिवमामा त्या निमूट उचलून न्यायचे.

एका रविवारी दुपारी खाडीकडच्या एक मासळीवाल्या मावशी मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांना घेऊन आल्या. मामांनी अगदी घरच्यासारखं वाढलं. पाहुण्यांसमोर बोलणं नको म्हणून बिल घेऊन मावशी एकट्याच काउंटरवर आल्या. तोंडी हिशेब त्यांनी टेबलावरच केला होता.

"यो वरचा आकडा कसला?"

"सरकारी टॅक्स, मावशी," शेठ माझ्यामागून म्हणाले.

मावशींनी मुठीतली दहाची नोट दाखवली. "ही त्या वाढणाऱ्या मामाला काढलेली. सरकारच घेतंय तर मंग ऱ्हाऊ दे." नोट कमरेला खोचता खोचता त्या थांबल्या. बिल माझ्यापुढे सरकवलं. "तू शिकलेली ना गो बाय? वाच बरं, काय लिवलंय."

शेठचा इंग्रजीवर भरवसा होता. ते कुणी वाचून घेईल, हे त्यांनी धरलंच नव्हतं. मामा पाण्याचा जग घेऊन तिथेच उभे होते. शेठनी घसा खाकरला. दिवाळीला सहा आठवडे होते. मी पेन उचललं.

"मावशी, हा टॅक्स नाही. हॉटेलनं लावलाय, आणि मीच लिहिलाय. तुम्हाला नको असेल तर आत्ता खोडते."